कच्चा निरोप

जावयाचा फोन आला की आक्का आधी डोक्यावर पदर घ्यायच्या, पायातली चप्पल बाजूला सारायच्या आणि मगच हिरवं बटण दाबायच्या.

"आक्का, त्यांना दिसत नाही हो," मी एकदा म्हणालो.

"मला दिसतंय की, कुणाचा फोन हाय ते," आक्का म्हणाल्या.

माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही गोळ्यांच्या पाकिटावरची धूळ झटकत बसला असता.

नेकनूरच्या बाजारगल्लीत माझं औषधांचं दुकान आणि आक्कांचं बांगड्यांचं दुकान यांच्यात एकच भिंत होती. तीही अशी की पलीकडे आक्कांनी उसासा टाकला तर इकडे माझ्या गिऱ्हाइकाला वाटायचं, औषध महाग आहे म्हणून मीच टाकला. नवरा वारल्यावर गल्लीतल्या काही शहाण्यांनी त्यांना सांगून पाहिलं होतं, की विधवेच्या हातून बांगड्या भरायला कोण येणार, दुकान विकून टाका. आक्का म्हणाल्या, "काचेला काय कळतंय कोण भरतंय ते?" आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पुढे तालुक्यातून नवऱ्या मुली त्यांच्याचकडे येऊ लागल्या, कारण आक्कांच्या हातून बांगडी फुटत नसे. त्या मुलीचा हात हातात घेऊन तिच्या होणाऱ्या सासूबद्दल काहीतरी चावट बोलायच्या. मुलगी हसायची. "पोरगी हसली की हात सैल पडतो," असं त्यांचं शास्त्र होतं.

मोबाइल त्यांना जावयानं दिला. लेक सोलापूरला. जावयानं स्वतःला नवा घेतला आणि जुना सासूच्या हातात ठेवला. ठेंगणा, जाडजूड आणि डोक्यावर अँटेनाची शेंडी असलेला. आक्कांनी त्याला बांगड्या गुंडाळायच्या कापडाची पिशवी शिवली, नाडी लावली आणि कमरेला खोचला.

आता ऐका, गंमत इथून सुरू होते. टॉवर होता मांजरसुंब्याकडे, हायवेवर. आमच्या गल्लीपर्यंत येता येता रेंज दमून जायची आणि जी काही उरायची ती नेमकी माझ्या दुकानातून माडीवर जाणाऱ्या लोखंडी जिन्याच्या वळणावर येऊन बसायची. खाली फोन नुसता वाजायचा, वर माडीत तेही नाही; बोलणं ऐकू यायचं ते फक्त वळणावर. त्यामुळे फोन करायचा किंवा घ्यायचा असला की आक्का माझं काउंटर ओलांडून आत यायच्या.

"सर बाजूला मेडिकल, रेंजवर जाऊन येते," असं त्या अशा सुरात म्हणायच्या, की जणू रानात जाऊन येते.

मला त्या 'मेडिकल' म्हणत. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

सुरुवातीला त्यांचा आवाज अंतराप्रमाणे बदलायचा. बीडला फोन असला तर साधं बोलणं. सोलापूरला असला तर माझ्या बरण्या थरथरायच्या. एकदा लेकीच्या नणंदेनं मुंबईहून फोन केला, तेव्हा समोरच्या रस्त्यावरची माणसं थांबून वर पाहायला लागली. मी हळू बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, "मुंबई हाय ती बाबा. केज न्हाई."

फोन एक, पण तो हळूहळू अख्ख्या गल्लीचा झाला. स्टँडवरच्या बूथवरून तुम्ही बाहेर फोन करू शकत होता, पण तुम्हाला कुणी केला तर तो घेणार कुठे? ज्यांच्या घरी तारेचा फोन होता, त्यांची तार वारा सुटला की मान टाकायची. म्हणून पुण्या-मुंबईकडे, ऊसतोडीला, नोकरीला गेलेल्या प्रत्येकाच्या खिशात आक्कांचा नंबर गेला. फोन यायचा, आक्का जिना चढायच्या आणि समोरच्यानं 'जरा बाबांना बोलवता का' म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"त्यांला आणस्तोवर रेंज जाईल. तू सांग, मी सांगते नीट."

हे 'नीट' फार महत्त्वाचं होतं. ते मला कळायला थोडा वेळ लागला.

आमच्या गल्लीत एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. मुलगा पुण्याला कंपनीत. नानांना जुनाट खोकला, पण औषध म्हटलं की ते बीडी पेटवायचे. दिवाळीच्या आधी मुलाचा फोन आला. आक्कांनी कान दाबून धरला असला तरी त्या शेंडीवाल्या फोनमधून पलीकडचं बोलणं खाली काउंटरवर स्पष्ट यायचं. मुलगा म्हणत होता, "दिवाळीला यायला जमणार नाही म्हणावं. आणि सारखं सारखं विचारू नका म्हणावं."

आक्का खाली उतरल्या, चप्पल घातली आणि नानांच्या ओट्यावर गेल्या. मी दुकानाच्या दारात उभा होतो.

"नाना, पोराचा फोन आलता. सुट्टी मिळंना बगा. लई हळहळत होतं. अन् म्हणलं, नानांचा खोकला कसा हाय? औषध घेत्यात का? त्यांला सांगा, माझी शपथ हाय म्हणावं."

नानांनी हातातली बीडी विझवली. मग उठून माझ्या दुकानात आले.

"द्या बरं खोकल्याची बाटली. पोरगं शपथ घालतंय म्हणल्यावर घ्यावीच लागंल."

ते गेल्यावर मी आक्कांकडे पाहिलं. त्या हिरव्या बांगड्या दोऱ्यात ओवत होत्या.

"आक्का, तो तर असं काहीच बोलला नाही."

"कच्चा होता निरोप," त्या मान वर न करता म्हणाल्या. "भाजून दिला. कच्चं खाल्लं की पोट दुखतंय माणसाचं."

त्या दिवसापासून मी लक्ष देऊन ऐकायला लागलो. तुम्ही याला भोचकपणा म्हणा, पण जिना माझा होता. केजच्या सासूनं 'पापड कडक झालेत' म्हणून कळवलं की इकडे 'पापड पुरले न्हाईत, आणखी पाठवा' असं पोचायचं. मेहुण्यानं 'लग्नाला बोलावलं नाही तरी येईन' म्हटलं की 'तुमच्या बोलावण्याची वाट बघतोय' असं व्हायचं. आणि गंमत म्हणजे उलट दिशेलाही भट्टी तितकीच पेटलेली असायची. नाना चिडून म्हणायचे, "त्याला सांगा, मेलो तरी येऊ नको." आक्का जिन्यावर जाऊन सांगायच्या, "नाना म्हणत्यात, सवडीनं ये, घाई करू नको."

या सगळ्यात रेखाचं प्रकरण मात्र अगदी तुटण्यापर्यंत आलं होतं.

रेखा आक्कांच्या दुकानासमोरच्या घरातली मुलगी. लग्नाच्या बांगड्या आक्कांनीच भरलेल्या. नवऱ्याचं केजला स्टँडजवळ टायर-पंक्चरचं दुकान. मुलगा कष्टाळू, पण तोंडाचा फटकळ. पाहुण्यांच्या पंगतीत भाजीच्या मिठावरून तो तिला टाकून बोलला. रेखानं वाढण्याचा डाव खाली ठेवला, पिशवी घेतली आणि एसटीत बसून नेकनूरला आली. तो घ्यायला येईना, ही जाईना. पावसाळा गेला, थंडी आली. आता दोन्हीकडची वडीलधारी माणसं कोरड्या आवाजात 'काय ते मिटवून टाकू' म्हणायला लागली होती, आणि मिटवणं म्हणजे काडीमोड, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे.

एका सकाळी रेखाच्या नवऱ्याचा फोन आला. आक्का जिन्यावर, मी खाली.

"आक्का, तिला सांगा, उद्या दिवस मावळायच्या आत आली तर आली. न्हाई तर तिकडंच ऱ्हा म्हणावं कायमची. मी काय लाचार न्हाई."

आक्कांनी लाल बटण दाबलं. पायरीवर बसून राहिल्या. मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा असा पडलेला पाहिला. मग त्या समोरच्या घरी गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या त्या थेट जिन्यावर. रेखानंही तिखटच उत्तर दिलं होतं, हे मला नंतर कळलं. पण आक्कांनी फोनवर सांगितलं ते असं.

"हॅलो. ती काय बोलणार पाव्हणं? तापानं फणफणलीय पोरगी. ग्लानीत तुमचंच नाव घेती. मी निरोप सांगायला गेलते, पर सांगवला न्हाई बगा."

मी काउंटरवर हातातली बाटली खाली ठेवली. रेखा त्याच वेळी समोरच्या अंगणात उखळात मिरच्या कांडत होती. दणादण.

"आक्का, हे जरा जास्तच भाजलं," मी म्हणालो.

"गप बस. तो आता निघाला असंल," म्हणत त्या पुन्हा समोर गेल्या. रेखाला बाजूला घेऊन काय सांगितलं, ते त्यांनीच मला परत आल्यावर सांगितलं. "तिला म्हणलं, नवरा येतोय. चुकलं म्हणत होता, पर तोंडानं म्हणायची लाज वाटती त्याला. आला की इषय काढू नको, बिचारा वरमंल."

दुपार व्हायच्या आत मोटारसायकल आली. पण ती थांबली कुठे? माझ्या दुकानासमोर. रेखाचा नवरा धुळीनं माखलेला, डोळे बारीक झालेले.

"तिला काय औषध दिलं?"

भिंतीपलीकडून आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि माझ्याकडे अशा पाहत होत्या, की समोर वाघ असता तरी मी खोटं बोललो असतो.

"तापाचं," मी म्हणालो. "उतारावर आहे आता."

"टायफाइड तर न्हाई ना? बडबडती म्हणं."

"बडबड कमी झालीय."

त्यानं ग्लुकोजचा डबा घेतला आणि रस्ता ओलांडला. आक्का आणि मी आपापल्या दारात, बघायला. रेखा अजून मिरच्या कांडतच होती. तो अंगणात शिरला आणि तिथंच थबकला.

"उठलीस कावून? पडून राहायचं ना."

तिनं मुसळ खाली ठेवलं. त्याच्याकडे पाहिलं, धुळीकडे पाहिलं, ग्लुकोजच्या डब्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिची आई घरातून बाहेर आली आणि म्हणाली, "पडून? कशापायी पडून?"

आक्कांनी माझा दंड धरला. बांगड्या भरणाऱ्या बाईची पकड कशी असते, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

रेखानं एकवार रस्त्यापलीकडे आमच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग डब्याकडे हात करून म्हणाली, "सकाळीच उतरला ताप. आईला म्हणलं न्हाई मी, उगं घोर लावायचा." आणि आत जाऊन त्याला पाणी आणलं. दुसऱ्या दिवशी ती मोटारसायकलवर मागं बसून केजला गेली. जाताना आक्कांच्या दुकानाशी थांबली, हात पुढे केला आणि म्हणाली, "भरा. ताप येऊन गेला, हात बारीक झालेत माझे."

आक्का इतक्या हसल्या की त्यांच्या हातून बांगडी फुटली. मी पाहिलेली ती एकच.

पुढे दिवस भराभर बदलले. इनकमिंग फुकट झालं. भाजीवाल्याच्या गाड्यावर, पानटपरीवर, गवंड्याच्या खिशात मोबाइल वाजू लागले. मग नेकनूरमध्येच टॉवर उभा राहिला आणि रेंज गल्लीभर पसरली. माझा जिना पुन्हा नुसता जिना झाला. माणसं एकमेकांशी थेट बोलू लागली, आणि थेट बोलू लागल्यावर जे व्हायचं ते होऊ लागलं. पापडवाल्या विहिणींचं पहिल्याच आठवड्यात वाजलं.

केजहून एके दिवशी मोटारसायकल आली. रेखा मागं, कडेवर पोर. दोघांचे चेहरे चढलेले.

"आक्का, खरं सांगा," रेखाचा नवरा म्हणाला. "ही म्हणते मी माफी मागितली होती. मी कावून मागू? उलट हीच तापात माझं नाव घेत होती."

"मला ताप कधी आलता?" रेखा म्हणाली. पण तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, ते मी टिपलं.

आक्कांनी दोघांना पाट दिले. शांतपणे म्हणाल्या, "खरं पायजे? मला सगळं ध्यानात हाय. पाव्हणं, त्या दिवशी तुमी फोनवर जे म्हणलतं, ते शब्दाला शब्द सांगते. तिच्या म्होरंच सांगते. मोठ्यानं सांगू का हळू?"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, मग उगाच पुढच्या चाकाकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या आक्का," तो म्हणाला. "चहा टाका."

ते हसण्यावारी गेलं. नानांचं मात्र गेलं नाही.

मुलानं नानांना स्वतःचा फोन पाठवला होता. नवाकोरा, रंगीत पडद्याचा. नाना तो सगळ्यांना दाखवत फिरले. नंतर त्यांचं दाखवणं कमी झालं. माझ्याकडे खोकल्याची बाटली न्यायला येणंही बंद झालं. मी विचारलं तर म्हणाले, "आता कोण शपथ घालतंय?"

एका दुपारी ते आक्कांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. मी भिंतीच्या अलीकडे, म्हणजे ऐकणं आलंच.

"आक्का, तुमच्या फोनवरनं पोराला लावता का?"

"तुमच्या फोनला काय झालं नाना?"

"काय न्हाई. चांगला हाय." नाना थांबले. "पर ह्या फोनवर ते येगळंच बोलतंय. कामापुरतं. तुमच्या फोनवर लई माया करायचं."

पलीकडे बांगड्यांचा आवाज थांबला. नानांना सगळं कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. आणि कळूनही ते मागायला आले होते.

"लावते," आक्का शेवटी म्हणाल्या. "तुमी घरी जावा. आत्ता त्याची कामाची येळ हाय."

नाना गेल्यावर त्या माझ्या दुकानात आल्या. रेंज आता सगळीकडे होती, तरी जिना चढून वळणावर गेल्या. फोन लागला. पोरानं काहीतरी विचारलं. आक्कांचा आवाज त्या दिवशी ना मोठा होता, ना गोड.

"ऐक. तुझा बाप औषध घेईना झालाय. आधी घेत होता, कारण तू विचारायचास."

"मी? मी कधी विचारलं आक्का?"

"विचारत होतास. इतकी वर्सं, माझ्या तोंडानं. मी मनानं घालून सांगत होते तुझ्या बापाला. आता तुमचे दोघांचे फोन झालेत, मला मधी जागा न्हाई. आता तुझ्या तोंडानं विचार."

मला वाटलं, कट झाला. आक्का तशाच कानाला लावून उभ्या होत्या. मग हळूच काहीतरी आलं, मला कळलं नाही. आक्का म्हणाल्या, "रडू नको. कंपनीत हायेस तू," आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी नाना दुकानात आले तेव्हा दुसरी गिऱ्हाइकं होती. तरी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "द्या बाटली. पोरानं इचारलं. त्याला नीट इचारताही येईना, अडखळत होतं लई." आणि नाकावरून हात फिरवत राहिले. भिंतीपलीकडे आक्कांनी अगदी हळू टाळी वाजवली. मी काही ऐकलं नाही असं दाखवलं.

गल्लीचे फोन यायचे बंद झाल्यावर आक्कांना फक्त लेकीचे फोन उरले. लेकीचं एकच म्हणणं, गुडघे गेलेत, दुकान बंद कर, सोलापूरला ये. जुन्या दिवसांत हा विषय निघाला की आक्का भर रेंजमध्ये 'हॅलो, हॅलो, आवाज येईना गं' म्हणून लाल बटण दाबायच्या आणि माझ्याकडे बघून डोळा मारायच्या. आता लेक म्हणायची, "आई, टॉवर तुझ्या डोक्यावर आहे."

"बाकीच्यांचं बरं झालं," आक्का मला म्हणाल्या. "माझी सबब गेली."

एका उन्हाळ्यात गुडघ्यांनी खरंच ऐकलं नाही. जावई आणि लेक न्यायला आले. आक्कांनी उरलेल्या बांगड्या गल्लीतल्या मुलींना भरून टाकल्या आणि मला म्हणाल्या, "मेडिकल, भिंतीकडं लक्ष ठिव. ओल धरती ती." एवढंच.

त्या पुन्हा नेकनूरला आल्या नाहीत. पुढच्या वर्षी जावयाचा मेसेज आला, 'आई गेल्या' एवढाच. इतका कच्चा निरोप मला कधी आला नव्हता. म्हणून त्याच्याबद्दल मी आणखी काही सांगत नाही. त्या निघाल्या त्या दिवसाचं सांगतो.

स्टँडवर मांजरसुंब्याला जाणारी काळीपिवळी जीप भरत होती. तिथून त्यांना सोलापूरची गाडी मिळणार होती. जावई पुढे बसला. मधल्या सीटवर आक्कांच्या एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला केजकडून आलेली एक अनोळखी बाई. ती बाई मोबाइलवर ओरडत होती, "आईकडं यायचं तर ये, न्हाई तर बस तिकडंच! माझं काय अडलंय?"

आक्का थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी तिच्यापुढे हात पसरला.

"दे इकडं."

"आई!" लेक म्हणाली.

पण त्या बाईनं, का कोण जाणे, फोन देऊन टाकला. आक्कांनी तो कानाला लावला, दुसऱ्या हातानं जीपचा दांडा धरला.

"हॅलो. हां. तुझ्या आईच्या शेजारची बोलते. ती काय म्हणती, ते तुला ऐकू आलं न्हाई. मी सांगते नीट..."

ड्रायव्हरनं गाडी काढली. पलीकडे मुलगा होता की मुलगी, मला माहीत नाही. जीप रस्त्याला लागेपर्यंत मला त्या बाईचं उघडं तोंड दिसत होतं, आणि शेजारी फोन कानाला लावून, हात नाचवत, रंगात आलेल्या आक्का.